आक्काने मला कुत्रं दिलं नाही

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी भांडत होतो. असोद्याची भरिताची वांगी म्हणून तो जी माझ्या पिशवीत टाकत होता ती असोद्याची नव्हती, हे मला चार हातांवरून दिसत होतं, आणि ते मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगत होतो. ‘सर, आत्या गेली,’ ज्योती म्हणाली. ‘पहाटे. झोपेतच.’ मी ‘बरं’ म्हणालो, फोन खिशात टाकला आणि त्याच वांग्यांवरून आणखी पाच मिनिटं भांडलो. त्या पाच मिनिटांची लाज वाटते असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण तेव्हा लाज वाटली नव्हती. राग आला होता, आणि तो आक्कावरच आला होता. जाताना सुद्धा ती माझं काम अर्धवट ठेवून गेली होती.

विमल आक्का आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होती आणि मी पीटीचा सर. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, मूळची धुळ्याची. शाळेत साहेब आले काय, पाहुणे आले काय, बोलायची अहिराणीतच. लग्न केलं नाही. जळगावात आमच्याच कॉलनीतल्या टोकाच्या घरात एकटी राहायची. एकटी म्हणजे माणूस एक. बाकी अंगणात, जिन्याखाली, न्हाणीघराच्या कौलांवर कायम कोणी ना कोणी असायचं. मोटारसायकलखाली येऊन मागचा पाय गमावलेलं, कोणीतरी गरम पाणी ओतलेलं, गोणीत तोंड बांधून आणून टाकलेलं. ती त्यांना बरं करायची आणि मग घरं शोधून द्यायची. जळगाव, धरणगाव, एरंडोल, पार धुळ्यापर्यंत तिची कुत्री-मांजरं पसरलेली होती. स्वतःपाशी ठेवायची फक्त ज्यांना कोणीच नेत नाही अशी.

लोकांविषयी काय लिहू? ही कॉलनी म्हणजे सुशिक्षितांची वसाहत. मुलाच्या हट्टासाठी पिल्लू आणायचं, ते मोठं होऊन सोफा कुरतडायला लागलं की आक्काच्या फाटकाला बांधून पळ काढायचा. बेल वाजवायचीही हिंमत नसे. आणि दुसऱ्या दिवशी हेच लोक कॉलनीच्या बैठकीत बोलणार, ‘आक्का, तुमच्या घरामुळे वास येतो.’ एका गृहस्थाने तर आपलाच म्हातारा कुत्रा तिच्या दारात सोडला आणि आठवड्याभराने तिच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही केली. तो कुत्रा फाटकातून त्याच्याकडे पाहून शेपटी हलवायचा. तो गृहस्थ रस्ता बदलून जायचा. मला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. आक्काला मात्र राग येत नसे, किंवा येत असेल तर तो ती पोळ्या लाटण्यावर काढत असावी.

घर बघायला जायचं असलं की शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती मला गाठायची. ‘भाऊ, गाडी काढ. धरणगावले जानं शे.’ माझ्या स्कूटरवर ती मागे बसायची आणि आम्ही जायचो. कुत्रं बरोबर नेत नसे. आधी घर बघायचं, कुत्रं नंतर. घरात गेली की ती इकडचं तिकडचं बोलायची, पाऊसपाणी, पोरांच्या शाळा, आणि मग पाणी मागायची. अर्धं प्यायची... आणि ग्लास हातातून सोडून द्यायची. स्टीलचा ग्लास फरशीवर पडला की केवढा आवाज होतो! पाणी सतरंजीवर, कधी कोणाच्या पुस्तकांवर. ‘हात कापतस आते,’ म्हणत ती साडीचा पदर पुढे करायची. तिचे हात अजिबात कापत नव्हते. प्रयोगशाळेत ती काचेच्या परीक्षानळ्या अशा हाताळायची की पाहत राहावं.

हे सोंग फक्त मला ठाऊक होतं आणि मला त्यात भारी मजा यायची. बाहेर आलो की स्कूटरला किक मारण्याआधी मी निकाल सांगायचो. एरंडोलच्या एका दुकानदाराने बायकोवर डोळे वटारले आणि ‘नीट धरून देता येत नाही?’ म्हणून ओरडला. ‘नापास,’ मी म्हणालो. ‘यास्ले कुत्रं नको, दारनी घंटी पाहिजे,’ आक्का म्हणाली. कधी कधी आमचा निकाल जुळत नसे. धरणगावच्या एका आजोबांनी ग्लास पडताच अशी काही आरोळी ठोकली की मी उठूनच उभा राहिलो, पण आक्काने दुसऱ्याच दिवशी तिथे पिल्लू पोचवलं. मी विचारलं, तेव्हा नुसती हसली. मला वाटलं, म्हातारीचा अंदाज चुकतोय. मी पक्का समजून होतो की ती ओरडणारा माणूस शोधते.

मी ओरडतो, हे मी कधी लपवलं नाही. शाळेत माझी चप्पल व्हरांड्यात वाजली की वर्ग चिडीचूप व्हायचे आणि मुख्याध्यापक पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवायचे. घरातही शिस्त होती. हात मी कोणावर उगारला नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की आता ते म्हणायचाही कंटाळा येतो. मेघा, माझी मुलगी, नोकरीसाठी पुण्याला गेली. ती आईला फोन करते तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘पप्पा घरात आहेत का?’ मी ते ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. पोरीला बापाचा आदर आहे, असं मी चारचौघांत सांगायचो.

मी निवृत्त झालो आणि घर खायला उठलं. मेघा तेव्हा नुकतीच पुण्याला लागली होती, सणाला घरी आली होती. मी आक्काला म्हटलं, आता मला एक दे. इतकी वर्षं तुझ्या मागे फिरलो, सगळ्या गावाला दिलीस. तिच्याकडे तेव्हा भुरी होती, मातकट रंगाची, एका डोळ्यात फूल पडलेली. कोणी नेत नव्हतं. मी म्हटलं, तीच दे. आक्का म्हणाली, ‘घर देखाले येस मग.’ मला हसूच आलं. माझं घर तिने शंभरदा पाहिलेलं! पण आली. बसली. सुनंदाने, माझ्या बायकोने, पाणी आणून दिलं. अर्धं प्यायली आणि ग्लास सोडला. मी तयारच होतो. एक शब्द बोललो नाही. चेहराही हलू दिला नाही. उलट हसून म्हणालो, ‘असू दे आक्का, पाणीच आहे.’ ग्लासाच्या काठाला पोचा आला. सुनंदाने पुसून घेतलं, मेघाने दुसरा ग्लास आणला. मी मनात म्हटलं, पैकीच्या पैकी.

‘चाल, येस मी,’ म्हणत आक्का उठली. फाटकापाशी मी विचारलं, ‘कधी आणतेस?’

‘तुले कुत्रं देवाव नही मी.’

‘का?’

‘आसंच.’

देणार नाही. बस. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळी कॉलनी गच्चीवर आली होती. तक्रारीवर सही करणारे ते गृहस्थसुद्धा मजा बघत होते. आक्का ऐकून घेऊन निघून गेली आणि आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात दिसली की मी मान वळवायचो. ती वळवत नसे, हेही मला लागायचं.

तिची तब्येत ढासळल्यावर ज्योती तिला धुळ्याला, देवपुरात आपल्या घरी घेऊन गेली. ज्योती म्हणजे तिच्या भावाची मुलगी. बाकीची जनावरं आक्काने जाण्याआधी एकेक करून मार्गी लावली, भुरी तेवढी बरोबर नेली. ज्योतीनेच मला कळवलं, ‘सर, आत्या तुमची आठवण काढते.’ मी पारोळ्यावरून जाणाऱ्या बसने गेलो. रस्ताभर काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होतो. आक्का खाटेवर एवढीशी झाली होती. भुरी खाटेखाली. मी स्टुलावर बसलो आणि तब्येतीचं विचारायचं सोडून पहिलं वाक्य बोललो, ‘मी ओरडलो नव्हतो.’

आक्का हसली. तिला बोलायला दम लागत होता. ‘तुले काय वाटनं, मी वरडनारा मानूस देखस?’ ... ‘वरडनारा ते वरडीसन मोकया व्हई जास.’ मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. तेवढ्यात म्हणाली, ‘गिलास पडना का मानूस गिलासकडे देखस, भाऊ. तुना घरमा बठ्ठा तुनाकडे देखतस.’

माझ्याकडे. ग्लास पडला, आणि माझ्या बायकोने आणि मुलीने ग्लासाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं होतं. धरणगावच्या त्या आजोबांनी आरोळी ठोकली तेव्हा त्यांच्या नाती ग्लासामागे धावत होत्या आणि हसत होत्या, हेही मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. शाळेत नळी फुटली की मुलं नळीकडे बघतात की सरांकडे, हे तिने तीस वर्षं पाहिलं होतं. माझ्या तासाला काय व्हायचं, तेही. माझ्या स्कूटरवर मागे बसून गावोगाव फिरताना तिला हे ठाऊक होतं आणि ती एका शब्दाने बोलली नाही. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. मरणाऱ्या माणसासमोर मी मुठी आवळून बसलो होतो. आणि खाटेखालून भुरी उठली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

निघताना मी तरीही विचारलं. तुझ्यामागे भुरीचं काय? मला दे. आक्का म्हणाली, ‘भुरी तुले नही. सुनंदा मांगी, ते ज्योती दी. तू तिले सांगू नको.’ सुनंदाने स्वतःहून मागितली तर मिळेल, मी तिला मागायला लावायचं नाही. ज्योती दारात उभी राहून ऐकत होती. ती आमची शेवटची भेट.

कॉलनीने शोकसभा घेतली. घेणारच. फ्लेक्सवर आक्काचा फोटो आणि खाली ‘मुक्या जिवांची माउली’. तक्रारीवर सही करणारे गृहस्थ अध्यक्षस्थानी होते आणि रुमालाने डोळे टिपत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक हातात घेतला आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव घेतलं. तो कोणत्या महिन्यात सोडला, फाटकातून कशी शेपटी हलवायचा, सही कोणत्या पेनाने केली, सगळं सांगितलं. माझा आवाज चढत गेला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली आणि खरं सांगतो, मला ती आवडली. मग बायकांच्या रांगेत सुनंदा दिसली. बाकीचे सगळे त्या गृहस्थांकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून. मी माइक ठेवला आणि खाली बसलो. जे बोललो त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण आक्का तिथे असती तर तिने माझ्याकडे पाहिलंच नसतं, तिने सुनंदाकडे पाहिलं असतं.

आता घरात मी ओरडत नाही. महिना होऊन गेला. पोचा आलेला तो ग्लास सुनंदा मांडणीत मागे सारते, मी पुढे ओढतो आणि त्यातूनच पाणी पितो. गेल्या रविवारी ती भांडी लावताना तोच हातातून निसटला. मी समोर पेपर वाचत होतो. ग्लास घरंगळत फ्रिजखाली जाऊन थांबेपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही, मी पाहिलंच नाही असं केलं. एकतीस वर्षांची सवय एका महिन्यात जाते, असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

भुरी हवी का, असं मी तिला विचारू शकत नाही. विचारलं तर ती हो म्हणेल. तिने मला कधी नाही म्हटलंच नाही, आणि याचाही मला अभिमान होता. ज्योती दर आठवड्याला तिला फोन करते, भुरीचं खाणंपिणं सांगते. सुनंदा ऐकते, हसते, एकदा तर ‘तिच्या डोळ्यात औषध घालतेस ना?’ असंही विचारताना मी ऐकलं. मी बाहेरच्या खोलीत श्वास रोखून बसलो होतो. पण भुरी तिने मागितली नाही. ‘ठेवते, सर आले,’ म्हणाली. मी कुठून आलो नव्हतो, मी तिथेच होतो.

हे लिहून झाल्यावर मी कागद ओट्यावर तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, आपल्या घरातलं आहे, वाचून सांग, छापायला पाठवू की नको. तिने उभ्यानेच सगळं वाचलं, शेवटचं पानही. कागद नीट जुळवले, हात पुसले, त्या पोचा आलेल्या ग्लासात पाणी भरून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं.’

भुरी अजून धुळ्यालाच आहे.