कारंजं आतल्या बाजूला

सकाळी पाव आणायला निघण्याआधी जुलियाना पिशवीत हात घालायची आणि मुठीने तिच्या तळाचे दोन्ही कोपरे बाहेर ढकलायची. आधी डावा, मग उजवा. कोपरे बाहेर आले की रिकामी पिशवीसुद्धा ओट्यावर स्वतःच्या पायांवर उभी राहायची, आणि ती तशी उभी राहिलेली बघूनच जुलियाना चपला पायात सरकवायची. दबलेल्या कोपऱ्यांची पिशवी घेऊन बाजारात जाणं म्हणजे, तिच्या मते, मान खाली घालून जाणं.

वसईच्या पश्चिमेला, चर्चच्या मागच्या गल्लीत, तिच्या नवऱ्याची, सॅन्टनची, वाडी होती. पानवेली, केळी, कडेने अळू आणि मधोमध विहीर. विहिरीच्या काठावर दोन माड. एक सरळ, दुसरा एका जुन्या वादळापासून पश्चिमेकडे इतका वाकलेला, की गावातली पोरं त्याच्या पाठीवर घोडा घोडा खेळायची. त्या वाकड्या माडामुळे विहीर सगळ्या गावाला ठाऊक होती. उन्हाळ्यात इतर विहिरींचं पाणी मचूळ व्हायचं, हिचं कधी नाही.

शिवणाचं मशीन जुलियानाने माहेराहून आणलं होतं. लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी सासू म्हणाली होती, "आपल्या घरच्या बायका वाडीत राबतात. खुर्चीत बसून पाय हलवीत नाय." दिवसभर जुलियाना वाडीत राबली. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मशीन ओढत सासूच्या उशाशी नेलं आणि तासभर चालवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवसांनी सासू अंथरुणातून म्हणाली, "आता वाजवतेसच, तर माझ्या लुगड्याचा काठ तरी मारून दे." त्यानंतर मरेपर्यंत म्हातारीने दुसऱ्या कुणाच्या हातचं शिवण अंगाला लावलं नाही.

एकोणीसशे शहाण्णवच्या जानेवारीत, चर्चच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तिचा धाकटा दीर प्लासिड दारात आला. त्याच्या खांद्यावर नव्या कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा होता.

"वैनी, घे. घरटी एक. आत मिठाईपण हाय."

"कोन देतंय?"

"बिल्डर. सणाची भेट. फुकट हाय, वैनी."

"फुकट कोन देतं रे, तुझा सासरा?"

प्लासिड हसला आणि पुढच्या घरी गेला. पिशवी खरंच चांगली होती. जाड मांजरपाट, सुटी टीप कुठे नाही. जुलियानाने सवयीने आधी शिवण पाहिली आणि मग चित्र. सात मजली इमारत, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत नाव: केळीबन रेसिडेन्सी. इमारतीपुढे मोठं फाटक, फाटकातून आत येणारी लाल मोटार, आणि फाटकाशेजारी एक कारंजं. कारंज्याच्या काठावर दोन माड होते. एक सरळ. दुसरा पश्चिमेकडे वाकलेला.

तिने पिशवी उजेडात धरली, मग जवळ घेतली, मग पुन्हा लांब. हातातली मिठाई तिने न खाता पुडीत परत ठेवली.

प्लासिड परतीच्या वाटेवर होता तेव्हा ती कुंपणाशी उभी होती.

"प्लासिड, माझ्या विहिरीवर कारंजं कोनी बसवलं?"

"चित्र हाय ते, वैनी. चित्राचं काय घेऊन बसतेस?"

"मग फाटकपण चित्रच काय?"

प्लासिडने मान खाजवली. वाटणीत आलेली अर्धी वाडी त्याने दिवाळीतच विकली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या अर्ध्या वाडीला रस्ता नव्हता. मोटारीचा रस्ता निघू शकत होता तो विहिरीवरूनच, आणि विहीर आणि तिच्याकडे जाणारी वाट दोघा भावांच्या सामायिक नावावर होती. सॅन्टनची सही मिळाली की विहीर बुजवून फाटक उभं राहणार होतं.

"भाऊ नाय म्हनला नाय," प्लासिड म्हणाला. "पुढच्या रविवारी चर्चातल्या मिस्सानंतर कागद घेऊन येतो. त्यांचा मानूसपन येईल."

सॅन्टन मागच्या अंगणात बसून विड्याच्या पानांच्या कवळ्या लावत होता. ओली पानं एकावर एक ठेवताना त्याची बोटं जराही घाई करायची नाहीत. जुलियाना त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुम्ही हो म्हनलात?"

"नाय."

"नाय म्हनलात?"

त्याने हातातली कवळी पुन्हा सारखी केली. म्हणाला, "बा गेला तेव्हा सात वर्षांचा होता गं तो. मी त्याला कधी नाय म्हनलो नाय."

"म्हनून अजून सातच वर्षांचा हाय."

ती वळली आणि आत गेली. तिला भांडण करता आलं असतं. आवाजही होता आणि शब्दही. पण तिला सॅन्टन ठाऊक होता. त्याला ओरडून काही सांगितलं की तो लाजाळूच्या पानासारखा मिटायचा. तिने मशीनवरचं कापड काढलं, बिल्डरची पिशवी मांडीवर घेतली आणि कडेची टीप उसवायला सुईचं टोक आत घातलं.

"आई, काय करतेस?" सोळा वर्षांची रोझलिन, तिची मुलगी, शाळेची वही बाजूला ठेवून आली.

"उलटी शिवते. नाव आत गेलं पायजे."

"मग नुसती उलटी कर ना! उसवायला कशाला पाहिजे?"

"आनि शिवण बाहेर लोंबवत बाजारात जाऊ? लोक म्हनतील जुलियानाला टीप मारता येत नाय."

रोझलिनने ब्लेड आणलं. जुलियानाने ते तिच्या हातातून काढून घेतलं; ब्लेडने दोरा तुटतो, पण कापडही फाटतं. सुईने मात्र फार वेळ लागत होता. दार उघडं होतं. सॅन्टन थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहून बघत राहिला. मग आत आला. अंगठ्यावर अजून लोखंडी नखी होती, जिने तो वेलीवरची पानं खुडायचा. तो जमिनीवर बसला, पिशवी ओढून घेतली आणि नखीचं टोक टिपेखाली सरकवलं. टक, टक, टक. पान देठापासून सुटावं तसा एकेक टाका सुटत गेला आणि कापडाला ओरखडासुद्धा उठला नाही.

रोझलिन बोलणार होती. आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

कापड उलगडून उलटं घातलं, वरची दुमड पुन्हा दुमडली, कडा शिवल्या. तळाच्या कोपऱ्यांना तिरकी टीप मारली. बिल्डरचे बंद तिने काढून फेकले. ते नुसते वरच्या काठाला टाचलेले होते. चार नारळांत तुटले असते. तिने स्वतःच्या जुन्या लाल लुगड्याची लांब पट्टी फाडली आणि ती एका बाजूने खाली, तळाखालून, दुसऱ्या बाजूने वर अशी अखंड फिरवली. ओझं काठावर नाही, पट्टीवर येतं. पिशवी फाटली तरी पट्टी हातात राहते.

दुसऱ्या सकाळी बाजारात सगळ्यांच्या हातात केळीबन रेसिडेन्सी होतं. कोळणींपुढे, पाववाल्यापुढे, भाजीच्या ढिगांपुढे सात मजली इमारती झुलत होत्या. त्यांच्यामधून जुलियाना पांढरी पिशवी घेऊन फिरली, लाल पट्टीची, कोपरे ताठ.

"बिल्डरने तुला वेगळी दिली काय गं?" मासेवालीने विचारलं.

जुलियानाने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत इमारत होती, आणि इमारतीच्या फाटकात दोन बोंबील पडले होते.

मासेवाली एवढी हसली की तिचा कोयता बाजूला पडला. "ये गं, बघ, बोंबलांनी फ्लॅट घेतला!"

दुपारपर्यंत तीन बायका पिशव्या घेऊन आल्या, संध्याकाळपर्यंत नऊ. जुलियानाने एकच अट घातली: पट्टी आपापल्या घरची आणायची. जुन्या लुगड्यातली, आईच्या, सासूच्या, कुणाच्याही. मग घरभर कापड झालं. सॅन्टन वाडीतून आला की हातपाय धुऊन नखी पुन्हा अंगठ्यावर चढवायचा आणि उसवायला बसायचा. रोझलिन पट्ट्या फाडायची, दुमडून दाबायची. जुलियाना मशीनवर. या कामात कुणी विहिरीचं नाव काढलं नाही.

समोरच्या जुन्या इमारतीतली मीरा आली, ती शाळेत शिकवायची. रत्नागिरीकडची, नवरा चर्चगेटला नोकरीला. त्यांच्या इमारतीला टँकरचं पाणी यायचं. प्यायचं पाणी ती रोज या विहिरीवरून न्यायची. तिने आईच्या नऊवारीची हिरवी पट्टी पुढे केली आणि जरा घुटमळली.

"मावशी, मी हे करावं का? मी स्वतःच बिल्डिंगमध्ये राहते."

"तुझी बिल्डिंग कोनाच्या विहिरीवर नाय."

"तेही काय सांगावं? आम्ही आलो तेव्हा खाली काय होतं ते कुणाला विचारलंच नाही."

जुलियानाचा पाय थांबला. तिने मीराकडे पाहिलं. "विहीर होती," ती म्हणाली. "लहानशी. फर्डिनंडची." मग तिने हिरवी पट्टी मांडीवर पसरली. "बस. दोरा ओवून दे. माझ्या डोळ्यांना आता भोक दिसत नाय."

शुक्रवारी दुपारी, सॅन्टन वाडीत असताना, मागच्या दाराने प्लासिडची बायको आली. पदराखालून तिने पिशवी काढली आणि एक पट्टी. लाल चौकड्यांची, फार धुतलेली, काठाला बारीक टीप. जुलियानाने ती टीप ओळखली. तिच्याच हातची होती. सासूचं लुगडं. म्हातारी गेली तेव्हा धाकट्या सुनेच्या वाट्याला आलेलं.

"यांना सांगू नकोस हां, वैनी. त्यांना कायपन दिसत नाय, पिशवी म्हनजे पिशवी."

"मी कशाला सांगू?" जुलियाना म्हणाली. ती पिशवी तिने एकटीने उसवली, एकटीने शिवली.

रविवारी मिस्सानंतर प्लासिड आला, बरोबर बिल्डरचा माणूस. तरुण, घामेजलेला, गॉगल कपाळावर चढवलेला. सॅन्टन ओट्यावर सणाच्या सदऱ्यात बसला होता. जुलियाना दाराच्या चौकटीत उभी राहिली, रोझलिन तिच्यामागे. सॅन्टन जर आज पेन हातात घेणार असेल, तर आठवडाभर केलेलं सगळं नुसतं शिवणकाम होतं.

प्लासिडने खांद्यावरची पिशवी काढली आणि आतून कागद काढून भावापुढे ठेवले.

"भाऊ, इथं, आनि इथं. दोनच सह्या."

सॅन्टन कागदांकडे बघत नव्हता. तो पिशवीकडे बघत होता. त्याने हात लांब करून लाल चौकड्यांची पट्टी अंगठा आणि बोटात धरली, पान जून आहे की कोवळं हे तो जसं बघायचा तशी.

"हे आयचं लुगडं," तो म्हणाला.

प्लासिडने खाली पाहिलं. पहिल्यांदाच.

"पेन कुठाय?" बिल्डरच्या माणसाने विचारलं. पेन तळाशी घरंगळलं होतं. त्याने पिशवीचं तोंड उघडलं, हात घातला आणि तसाच थांबला. आत त्याची इमारत होती, माड होते, कारंजं होतं. "हे काय?" तो म्हणाला. "ही आमची पिशवी. कुणी केलं हे?"

"मी उसवल्या," सॅन्टन म्हणाला.

जुलियानाने चौकट धरली.

"ही नाय उसवली," त्याने शिवणीवरून बोट फिरवत म्हटलं, "पन बाकीच्या साऱ्या मी उसवल्या. आठ दिवस. नखीने. एकेक टाका." तो भावाकडे वळला. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "प्लासिड, तुला मी बारक्याचा मोठा केला त्या विहिरीच्या पान्यावर. सही नाय करत मी. नाय."

"भाऊ, मी शब्द दिलाय त्यांना!"

"तुझ्या वाडीचा दे. विहिरीचा नको."

बिल्डरचा माणूस बराच वेळ बोलला. रस्ता, विकास, आज ना उद्या सगळ्यांनाच द्यावं लागेल. जुलियानाने त्याला पाणी आणून दिलं. "प्या," ती म्हणाली. "कारंज्याचं हाय." तो प्यायला, कारण ऊन होतं. प्लासिडने कागद गोळा केले, पिशवीत टाकले, आणि मग पिशवीच ओट्यावर टाकून निघून गेला. चार वर्षं तो या घराची पायरी चढला नाही. ते सॅन्टनला फार लागलं. तो रोज संध्याकाळी कुंपणाकडे बघायचा. जुलियाना बघायची की तो बघतोय. रोझलिनच्या लग्नात प्लासिड आला, उशिरा, आणि सरळ जेवायला बसला. जुलियानाने त्याच्या पानात आधी वाढलं.

इमारत झाली नाही असं नाही. बिल्डरने पलीकडून, दुसऱ्याच्या शेतातून रस्ता काढला. वेगळं नाव दिलं, मजले कमी केले. विहीर राहिली, वाकडा माड राहिला. उन्हाळ्यात त्या इमारतीतल्या बायका कळशी घेऊन यायच्या तेव्हा जुलियाना दोर पुढे करायची. पण त्यांच्यातली नवीन कुणी बाजारात दिसली की ती तिच्या हातातली पिशवी एकदा नजरेखालून घालायची.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये ती अंथरुणाला खिळली. मशीन पायथ्याशी आणून ठेवलं होतं, तिच्याच सांगण्यावरून. एका सकाळी तिला बरं वाटत होतं. चहा मागून घेतला, उशीला टेकून बसली. रोझलिन माहेरी आली होती. तिने खुंटीवरची जुनी पांढरी पिशवी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली, लाल पट्टीचा रंग गुलाबी झालेला, आणि तशीच घडी करून काखेत मारली.

"पाव आणते गं आई," ती दारातून म्हणाली. "कडक की नरम?"

"नरम," जुलियाना म्हणाली. "आनि थांब जरा. कोपरे काढ आधी."