नीळकंठरावांचा चिमटा

यवतमाळात जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची, यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. नीळकंठराव केळापुरे तिथं ड्रॉइंग खात्यात होते आणि त्यांच्या पेन्सिलीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या रेघेला फूटपट्टी लावून पाहिली. माप जुळलं नाही. हे यंत्र खोटं बोलतं, असा निकाल देऊन ते चहाला निघून गेले. वर्षभरात मात्र ते त्याच्या असे नादी लागले, की घरी पद्मजाबाईंनी भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तर म्हणाले, "झूम करून पाहतो." असं पद्मजाबाई सांगतात. नीळकंठरावांना ते मान्य नाही.

पुढं कापसाची वाईट वर्षं आली. जिनिंग थंडावल्या, आणि त्यांच्यावर पोट असलेला कारखानाही बंद पडला. निरोपाच्या दिवशी नीळकंठरावांनी शाल-श्रीफळ नको म्हटलं आणि आपला कॉम्प्युटर मागून घेतला. बैठकीतला सोफा अंगणात गेला, तिथं टेबल आलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना गेटची, ट्रॉलीच्या हुकाची ड्रॉइंगं ते काढून देऊ लागले. बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर कायमचा बिघडला. नवा आणला, तर त्याच्यावर ड्रॉइंगचं जुनं सॉफ्टवेअर चालेना. ते बनवणाऱ्या कंपनीकडं चौकशी केली, तर ते आता विकतच देत नाहीत, वर्षाच्या भाड्यानं देतात असं कळलं.

"घर भाड्याचं घेतलं नाही, लग्नात कोट भाड्याचा घातला नाही," नीळकंठराव म्हणाले, "आन आता रेघ भाड्यानं घेऊ?"

"कोट तुमच्या मामाचा होता," पद्मजाबाई म्हणाल्या.

दत्त चौकातल्या एकानं चोरीची प्रत देऊ केली. ती नीळकंठरावांनी घेतली नाही. आपण खाली सही करतो, तर वरची रेघही सरळ मार्गाची पाहिजे, एवढंच म्हणाले. कंपनी महिनाभर फुकट वापरायला देते असं कळलं, तेव्हा मात्र आंब्याच्या दिवसांत आलेल्या पाहुण्यासारखे तुटून पडले. कोणी न मागितलेलीही ड्रॉइंगं काढून ठेवली. महिना सरला आणि पडदा गप्प झाला. त्यांची मुलगी आभा नागपूरला एका इंजिनिअरिंग ऑफिसात होती. तिनं फोनवर सुचवलं, की फ्रीकॅड म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, जगभरचे लोक मिळून बनवतात, एक पैसा लागत नाही. नीळकंठराव म्हणाले, फुकटाची पंगत आपल्याला मानवत नाही. पद्मजाबाईंनी आतूनच विचारलं, की भंडाऱ्यातली बुंदी दुसऱ्यांदा कोण मागतं?

ते एवढ्यात वळलेही नसते, पण संगीता राठोड आली. बाभुळगावकडच्या तांड्यावर तिचा बायांचा बचत गट होता. बोंडअळीनं त्या साली कापूस खाल्ला होता, आणि वेचणी होताच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी वाळकी झाडं, उपटून शेत साफ करा, असं कृषी खात्याची माणसं सांगून गेली होती. हातानं पऱ्हाटी उपटायची म्हणजे कंबर जाते आणि तळहात सोलतात. बाजारात लोखंडी चिमटे मिळत होते, पण जड, आणि दांडा उंच माणसाच्या मापाचा. तिची सासू लालीबाई, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणतो, त्या दांड्याला लोंबकळायची, पण पऱ्हाटी हलत नव्हती.

"काका, आमच्या मापाचा चिमटा काढून द्या," संगीता म्हणाली. "आन माप बदलत राहीन बरं. गटात साऱ्या बाया सारख्या थोडीच हायेत."

माप बदलणारं गिऱ्हाईक हा नीळकंठरावांच्या आयुष्याचा वैरी. पण आभानं फोनवर आणखी एक सांगितलेलं त्यांना आठवलं, की फ्रीकॅडमध्ये एक आकडा बदलला की बाकीचं सगळं आपोआप त्याच्या मागं येतं. त्यांनी फ्रीकॅड उतरवून घेतलं.

बाकीचं सगळं मागं आलं नाही. त्यांनी मधेच जबड्याचा मूळ आकार मोडून नवा काढला, तसा दांडा एकीकडं गेला, खिळा हवेत लटकला आणि बाजूला चुकांच्या लाल खुणांची रांग लागली. दोन दिवस ते एकेक आकडा बदलून पाहत राहिले. शेवटी त्या सॉफ्टवेअरच्या लोकांचा जो चर्चेचा फलक इंटरनेटवर असतो, तिथं त्यांनी 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात करून, विषय आणि संदर्भ घालून कारखान्याच्या इंग्रजीत अर्ज लिहिला.

उत्तर ब्राझीलमधल्या एका गृहस्थाचं आलं. त्यानं फाइल मागितली, चूक दाखवली, आणि शेवटी विचारलं, की हे उपटायचं काय आहे? नीळकंठरावांनी पऱ्हाटीवर दोन पानं लिहिली. तिची मुळं, काळी माती, बोंडअळी, सगळं. त्याचंही पुन्हा उत्तर आलं. कारखाना बंद पडल्यापासून आपल्या कामाबद्दल इतकं कोणी विचारलं नव्हतं, हे त्यांनी पद्मजाबाईंना सांगितलं. पद्मजाबाईंनी त्या दिवशी चिडवलं नाही. चहा मात्र दोनदा केला.

बाभुळगावच्या हरिसिंगनं आपल्या वेल्डिंगच्या दुकानात पहिला चिमटा बनवला. कसा वापरायचा ते आपणच दाखवणार म्हणून नीळकंठराव इस्त्रीचा शर्ट घालून संगीताच्या वावरात गेले. जबडा खोडाला लावला, दांडा सर्व शक्तीनिशी खाली दाबला. पऱ्हाटी इतकी सहज सुटली, की ते वावराच्या कडेला धुऱ्यापाशी मातीत जाऊन बसले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"काका, चिमटा चांगला हाये," संगीता म्हणाली. "तुम्हीच जरा हलके पडता."

लालीबाईनं चिमटा घेतला. दांडा तिला अजून खांद्याशी येत होता, म्हणून तिनं तो तसाच परत केला. नीळकंठरावांनी घरी येऊन एक आकडा बदलला आणि डोळे मिटून घेतले. उघडले, तर दांडा आखूड झाला होता आणि खिळा जागच्या जागी होता. त्यांनी पद्मजाबाईंना भाकरी टाकायची थांबवून पाहायला बोलावलं. हाताला पीठ लागलेलं असताना पद्मजाबाईंनी ते पाहिलं, आणि छान आहे असं त्या म्हणाल्या.

दुसरा चिमटा घेऊन लालीबाईनं एक अख्खी ओळ उपटली आणि मागं वळून पाहिलं. मग पुढच्या ओळीला लागली. त्या हंगामात गटाचं सगळं वावर वेळेत साफ झालं. हरिसिंगनं तीन मापांचे चिमटे करून विकायला ठेवले, आणि नीळकंठरावांनी ड्रॉइंग त्या फलकावर सर्वांसाठी टाकून दिलं.

पुढच्या हिवाळ्यात झरी जामणीच्या बायांनी संगीताकडून निरोप धाडला. नीळकंठराव बॅगेत कॉम्प्युटर आणि हातात चिमटा घेऊन एसटीनं गेले. कंडक्टरनं चिमट्याचं वेगळं तिकीट लागेल का यावर बराच विचार केला. तिथल्या बायांनी चिमटा फिरवून पाहिला, दोन-चार झाडं उपटली. त्यातली मथुराबाई म्हणाली, "हे बरं हाये. पण आमच्याकडं तूर जास्त, आन तुराटीचं खोड जाड. याचा जबडाच बदला."

नीळकंठरावांनी बांधावर बसून कॉम्प्युटर उघडला आणि तुराटीचं माप घ्यायला वाकले.