बुरशीमावशी आणि फुटलेलं भिंग

बुरशीमावशी लेन्स आधी हुंगायची, मग बघायची. कॅमेऱ्याची जुनी लेन्स हातात आली, की ती डोळ्यांकडे न नेता थेट नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून सांगायची, "लाकडी कपाटात होती. शेजारी डांबराच्या गोळ्या." लेन्स घेऊन आलेला माणूस चाट पडायचा, कारण ते बहुधा खरं असायचं. मग ती खिडकीपाशी जाऊन लेन्स उजेडात धरायची. आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली दिसली, की तिचा चेहरा खुलायचा. तिचं नाव चाळीतल्या मुलांनी ठेवलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

मी तिच्याकडे पोचले ते एका फसलेल्या खरेदीमुळे. मी दादरला विम्याच्या ऑफिसात नोकरीला. चाळिशीत फोटोग्राफीचं खूळ डोक्यात शिरलं आणि जुना कॅमेरा घेतला. नवी लेन्स परवडेना, म्हणून फोनवर बघून एक जुनी, स्वस्तातली मागवली. तिच्यातून काढलेले सगळे फोटो वाफाळलेल्या न्हाणीघरात काढल्यासारखे आले. फोर्टातल्या दुकानदाराने "फेकून द्या" म्हणून हात झटकले. काउंटरवरचा म्हातारा मात्र मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "चिंचपोकळीला एक बाई आहेत. त्यांना दाखवून बघा."

तिसरा मजला, उघडं दार, खिडकीपाशी पांढरा कपडा अंथरलेलं टेबल. साडीवर चष्म्याची दोरी लोंबत असलेली एक किडकिडीत बाई मान वर न करता म्हणाली, "चपलो भायर काढ. आणि पंखो बंद कर, धूळ उडता." मी दोन्ही केलं. तिने लेन्स हुंगली, उजेडात धरली आणि निकाल दिला, "बुरशी आसा. पण जीव आसा हिच्यात. सोमवारी ये."

मावशी मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ती भावंडांत थोरली. परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली आणि तिथले सूक्ष्मदर्शक पुसता पुसता ती ते खोलायला आणि जोडायलाही शिकली. भावंडांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. तिचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर महिनाभरात ती घरात बसून इतकी कंटाळली, की शुक्रवारच्या जुन्या बाजारात गेली आणि गंजलेल्या नळांच्या ढिगातून एक लेन्स उचलून घरी आली. "माका कॅमेऱ्यातला काय कळत नव्हता गो," ती सांगायची. "पण भिंग घाण आसा, ता कळला."

सोमवारी माझी लेन्स लखलखीत झालेली होती. मी परत जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी मी पुढच्या शनिवारी गेले, आणि मग जातच राहिले.

ती लेन्सबद्दल सोयरिकीला आल्यासारखं बोलायची. "ही रशियन. अंगान जड, पण मनान सरळ. ही जपानी, नाजूक, हिच्याकडे आवाज चढवून चालत नाय." एखादा स्क्रू अडून बसला तर जोर लावायची तिची सक्त मनाई. ती हत्यार खाली ठेवायची आणि स्टोव्हकडे जायची. "आटे अडले की चाय ठेवची. चाय होईस्तोवर स्क्रूचो राग जाता." खरी गोष्ट अशी, की ती आधी स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून जायची आणि चहा होईस्तोवर तो आत मुरायचा. पण राग जातो, हेच तिला सांगायला आवडायचं.

साफ केलेल्या लेन्सा ती गॅलरीत उन्हात ठेवायची. उन्हाने उरलीसुरली बुरशी मरते म्हणे. शेजारणींचे पापड, सांडगे आणि त्यांच्या रांगेत मावशीच्या लेन्सा. एकदा एका मोठ्या लेन्सने ऊन गोळा करून शेजारच्या काकूंच्या नव्या टॉवेलला रुपयाएवढं भोक पाडलं. धूर बघून सगळा मजला धावत आला. काकू भडकल्या. मावशी मात्र भोकाकडे टक लावून बघत म्हणाली, "गोल बघा कसो रेखीव पडलो! म्हणजे भिंग एकदम साफ झालां." काकूंना शेवटी हसू आलं. मावशीने त्यांना दुसरा टॉवेल आणून दिला आणि लेन्सांवर काळं फडकं घालायला सुरुवात केली.

एका शनिवारी मी तिच्याकडे अण्णांना घेऊन गेले. विम्याच्या कामासाठी ते आमच्या ऑफिसात यायचे. अण्णांचा गिरगावात फोटो स्टुडिओ होता. मुलाबाळांच्या बारशापासून साठीशांतीपर्यंत निम्म्या गल्लीचे फोटो त्यांनी काढले होते. स्टुडिओ बंद झाला, पत्नी वारली, आणि आता नाशिकच्या लेकीने सत्तरीनिमित्त नवा कॅमेरा पाठवला होता. अण्णांना त्याच्यावर आपली जुनीच लेन्स लावायची होती. ती उघडली तर आत बुरशीचं रान माजलेलं. "हिच्यातूनच मी सगळं बघितलंय हो," अण्णा एवढंच म्हणाले. मावशीने त्या दिवशी लेन्स हुंगलीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी घेतली.

तीन आठवडे ती त्या एका लेन्सपाशी बसून होती. एकेक भिंग सुटं करून पुसलं. शेवटी सगळ्यांत पुढचं, मोठं भिंग राहिलं. ते साबणाच्या पाण्याने धुताना मी शेजारीच उभी होते. भिंग तिच्या बोटांतून निसटलं, मोरीच्या कठड्यावर आपटलं आणि त्याचे तुकडे झाले.

मावशी तिथेच पाटावर बसली. मांडीवर ओले हात, आणि त्या हातांना काही काम नाही, असं मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

मला एकदम आठवलं. तिच्या पेटीत तशीच एक मोडकी लेन्स होती आणि तिचं पुढचं भिंग शाबूत होतं. मी म्हटलं, "मावशी, ते बसव ना. अण्णांना कळणारसुद्धा नाही."

"तेंका कळाचा नाय," ती म्हणाली. "माका कळतला ना."

ती उठली, बाहेर जायची साडी नेसली, फुटकं भिंग रुमालात बांधलं आणि म्हणाली, "चल गिरगावात."

अण्णांनी दार उघडलं. "या, बसा," म्हणाले. मावशी बसली नाही. परक्याच्या घरी बोलायला राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत तिने उभ्याउभ्या सांगितलं, "तुमचं पुढचं भिंग माझ्या हातून फुटलं. चूक माझी आहे. माझ्याकडे तसंच दुसरं आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते बसवणार नाही."

अण्णांनी रुमाल सोडला. तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. आणि मग अण्णा हसायला लागले. इतके, की त्यांना ठसका लागला आणि मावशीच धावत जाऊन पाणी घेऊन आली.

"अहो, हे माझं भिंग नव्हेच!" ते डोळे पुसत म्हणाले. "मूळचं मीच फोडलंय. एका लग्नात अंतरपाट खाली आला, मी फोटोसाठी पुढे धावलो आणि पाटाला अडखळून नवरदेवाच्या पायाशी पालथा पडलो. दुसऱ्या दिवशी एका मोडक्या लेन्समधलं हे काढून बसवलं. चाळीस वर्षं कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही."

मावशी तेव्हा कुठे खुर्चीवर टेकली. "मग मी तीन आठवडे कुणाच्या नावाने घासत होते?" तिने विचारलं, आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो.

"तुम्ही मात्र सांगायला आलात," अण्णा जरा वेळाने म्हणाले. चहा करायला ते स्वतः आत गेले. चहा अगदीच पाणचट होता. मावशीने तो सगळा प्यायला.

पुढच्या रविवारी भिंग बसवताना बघायला अण्णा चिंचपोकळीला आले. कुणी न सांगता चपला बाहेर काढल्या आणि पंखा बंद केला. मावशीने माझ्याकडे एकदा बघितलं. लेन्स जोडून झाली, तशी अण्णांनी ती कॅमेऱ्यावर चढवली आणि पहिला फोटो काढला तो मावशीचा. टेबलावर वाकलेली मावशी, चष्म्यावर खिडकीचा उजेड. "माझो फोटो कित्याक?" ती कातावली. तिचे फोटो आतापर्यंत निघाले होते ते ओळखपत्रापुरते. अण्णांनी तिच्यापुढे कॅमेरा धरला. ती बघत राहिली. मग लहान मुलीसारखं विचारलं, "मी अशी दिसतंय?"

"अशीच दिसता," अण्णा म्हणाले.

त्यानंतर शुक्रवारी जुन्या बाजारात आम्ही तिघं जाऊ लागलो. मावशीची तिथली रीत अशी, की हवी असलेली लेन्स सोडून बाकी सगळ्याची चौकशी करायची. "भैया, ये इस्त्री चालू है क्या?" अण्णांना हे जमेना. चांगली लेन्स दिसली की ते तोंडभर कौतुक करून भाव चढवून ठेवायचे. मावशी त्यांना पुढच्या गल्लीत भजी आणायला पिटाळायची आणि सौदा उरकायची. अण्णा भजी तिच्या आवडीची, कांद्याचीच आणायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एका शनिवारी लेन्स पुसता पुसता ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा विचारीत होते."

"काय?"

"लग्नाचा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणतलंय? उठलंय आणि चाय ठेवली."

तिने होकार दिल्याचं कळलं तेव्हा तिचा डोंबिवलीचा भाऊ रागावला. या वयात लोक काय म्हणतील, म्हणाला. मावशीने फोनवर त्याला शांतपणे सांगितलं, "लोकांका काय म्हणाचा ता मी तिशीत असताना म्हणान झाला. आता तू पेढे घेऊन ये." तो आला. पेढेही घेऊन आला, आणि सह्या झाल्यावर सगळ्यांत जास्त तोच रडला. अण्णांची लेक नाशिकहून मावशीसाठी पैठणी घेऊन आली होती. त्या लग्नाची फोटोग्राफर मीच. माझं लक्ष कॅमेऱ्यापेक्षा त्या दोघांकडेच जास्त, त्यामुळे निम्मे फोटो पुसट आले. मावशीने ते एकेक करून तपासले. "फोकस चुकलो तुझो," ती म्हणाली. "पण माणसा बरी आसत."

वर्षभरात अण्णांची गिरगावातली इमारत नव्याने बांधायला घेतली. लेन्सांनी भरलेली मावशीची खोली दोघांना पुरेना, म्हणून इमारत उभी राहीपर्यंत मावशीच्या गावी राहायचं त्यांनी ठरवलं. मावशी निघाली त्या दिवशी अख्खा तिसरा मजला तिला सोडायला खाली आला होता. टॉवेलवाल्या काकू पाठवणीला रडावं तशा रडल्या. मावशीने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "शुक्रवार चुकवू नको."

मी चुकवत नाही. गेल्या शुक्रवारी बाजारात एका पोत्यावर एक जर्मन लेन्स दिसली. मी तिथूनच तिला फोन लावला. तिने बुरशीची चौकशी केली, आटे फिरवून बघायला सांगितले, हावरटासारखी बघत राहू नको म्हणून दम भरला. बोलता बोलता फोनवर तिच्या मागून अण्णांची हाक ऐकू आली. लग्नानंतरही कित्येक महिने ती त्यांना अण्णाच म्हणत होती. दुसरं काही तिच्या तोंडी बसत नव्हतं.

"ठेवतंय गो," ती घाईघाईने म्हणाली. "हे बोलवतत."

फोन बंद झाला. पोतेवाला विचारत होता, "मॅडम, लेना है क्या?" आणि मी भर बाजारात फोन हातात धरून नुसती हसत उभी होते.