आधी बोर्ड दाखवा

आमचे भाऊजी कुणाच्या घरी गेले की माणसांकडे बघत नाहीत, भिंतींकडे बघतात. घरवाले पाणी पुढे करतात आणि हे म्हणतात, आधी बोर्ड दाखवा. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा आईशी चार शब्द बोलायचे सोडून फ्रिजमागे डोकं घालून बसले होते.

माझे हे धाकटे दीर वेल्डर. खांद्याला छोटं वेल्डिंग मशीन आणि हातात प्लगांची पिशवी. बारीक पिनांचे, जाड पिनांचे, कारखान्यातले गोल, सगळे. मशीन कमी व्होल्टेजवर चालतं, जास्तीवर चालतं, जनरेटरवरही चालतं. पण समोरच्या सॉकेटला किती झेपेल ते आधी बघायला हवं, हा त्यांचा पाढा आम्हाला पाठ आहे. काम चालू असताना मधूनच उठून प्लगला हाताची मागची बाजू लावून बघतात, पोराचा ताप बघावा तसा. आणि कुणी लांब वायर गुंडाळलेली तशीच ठेवून वापरली, की त्याची खैर नाही. गुंडाळी तापते, सगळी सोडून पसरायची!

अशा माणसाचं घोडं अडलं ते घरातच.

सासूबाई जिन्यात घसरल्या. लाकडी कठडा हातात आला आणि त्या खाली. हाडं वाचली, पण धीर गेला. तेव्हापासून वरच्या खोलीत बसून. समोरची शिवणवाली मैत्रीण रस्त्यावरून हाका मारायची आणि या खिडकीतून मान हलवायच्या. भाऊजींनी लोखंडी कठड्याचे पाइप कापून आणले, भिंतीला लावून ठेवले. जोडायचे जिन्यातच होते, आणि जिन्यात होता दिवंगत सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला जुना लाकडी बोर्ड, बारीक वायरींचा.

भाऊजींनी करंट अगदी कमी करून बघितलं. वेल्डिंगचा रॉड पाइपला चिकटून बसला. थोडा वाढवला तर फ्यूज गेला आणि माझी कणीक अंधारात राहिली. मग शेजारच्या बेकरीवाल्याच्या भट्टीच्या सॉकेटवरून लांब वायर आणली. घाईत अर्धी गुंडाळी तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा मी नुसती खोकले. मग भाड्याचा छोटा जनरेटर आला. रॉड टेकला की तो धापा टाकायचा.

उपाय एकच होता. मीटरपासून जाड वायर ओढायची आणि जिन्यात मोठा सॉकेट बसवायचा. मी सांगितलं, माझ्या नवऱ्याने सांगितलं, वायरमननेही सांगितलं. भाऊजी म्हणायचे, बघू. जगाचे बोर्ड उघडणारा हा माणूस बापाच्या बोर्डाचा स्क्रू फिरवायला धजत नव्हता. मला कळत होतं, तरी राग यायचा. त्या बोर्डाची माया आम्हालाही होती, पण वर अडकल्या होत्या सासूबाई. शेवटी एकदा मी जिन्यातच भाऊजींना फटकारलं, जरा मोठ्यानेच.

वरून सासूबाईंचा आवाज आला. “काढ रे तो. त्यांनी मला उजेड मिळावा म्हणून लावला होता, मी वर अडकून बसावं म्हणून नाही.”

भाऊजींनी स्क्रू स्वतः काढले. बोर्ड फडक्याने पुसून आईच्या कपाटावर ठेवला. वायरमनने नवी लाइन टाकली, अर्थिंग केलं. मग मशीन असं चाललं की दुपार कलायच्या आत कठडा उभा. रंगसुद्धा झाला.

तो वाळल्यावर सासूबाई उतरायला निघाल्या. भाऊजी त्यांच्यापुढे, तोंड त्यांच्याकडे करून, दोन्ही हात पसरून उलटे एकेक पायरी उतरत होते. भाऊजीच बहुतेक पडणार, असं मला वाटलं.

मध्यावर सासूबाई थांबल्या.

“हात खाली घे,” त्या म्हणाल्या. “कठडा तूच केलायस ना?”

भाऊजींनी हात खाली घेतले आणि बाजूला झाले. सासूबाई एकट्या उतरल्या, दार उघडून रस्ता ओलांडून मैत्रिणीकडे गेल्यासुद्धा. भाऊजी मात्र भिंतीकडे तोंड करून नव्या सॉकेटमधल्या प्लगला हात लावून बघत राहिले. मशीन केव्हाच बंद झालं होतं.