कुंचीतला वरवंटा

बहिणीचे दिवस भरत आले तसा आईनं एकच धोशा लावला, शिरूरच्या जुन्या खोलीत राहिलेला वरवंटा आणायचा. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, हे मलाही ठाऊक होतं. पण दौंडच्या बाजारात वरवंट्यांचा काय दुष्काळ पडला होता? घरात वाटणाचा एक होताच. हा मात्र आई वाटणाला कधी घेत नसे, कुंचीत गुंडाळून माळ्यावर ठेवायची. वडिलांच्या बदलीनं दौंडला आलो तेव्हा ती तापानं फणफणली होती आणि हमालांनी ते गाठोडं चिंध्या समजून तिथंच सोडलं.

शिरूरला पोचलो तर खोलीला कुलूप. खालचा शिंपी म्हणाला, "इमारत इकली की. नवं मालक केंदूरचं. चावी त्यांच्यापाशी."

"झालं समाधान? चल घरी," मी म्हणालो. आई स्टँडवर आली खरी, पण जाऊन बसली पाबळच्या गाडीत. तिथून जीपनं केंदूर. मी वाटभर धुसफुसत होतो.

म्हातारे मालक अंगणात कांदा निवडत होते. हसं नको म्हणून मी नुसतं सांगितलं, "तुमच्या शिरूरच्या इमारतीत आमची एक वस्तू राहिलीय."

त्यांनी डोळे बारीक केले. "सोनं हाय का काय?"

"वरवंटा हाय, आबा," आई म्हणाली.

"वरवंट्यासाठी दौंडवरनं आलाव? माझ्याकडचा घिऊन जा."

आई पदराचं टोक पिळत राहिली. मग खाली बघूनच बोलली. "ह्याच्या आधी मला एक पोरगा झाला हुता. बारशाआधीच गेला. पाळण्यात कवा निजलाच न्हाई. ह्याच्या बारशाला वरवंटा पाळण्यात ठिवला, तवा त्याचं ठरवल्यालं नाव मी वरवंट्याला सांगितलं. त्यो माझा थोरला हाय, आबा. बहिणीच्या लेकराच्या बारशाला मामा नगं व्हय?"

इतकी वर्षं मी स्वतःला घरातला थोरला समजत होतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच कांदे निवडायला बसलो.

आबांनी हात झटकले, टोपी घातली, खुंटीवरची चावी घेतली. जीप काढून स्वतः शिरूरला आले. खोलीत मला बाजूला सारून स्टुलावर चढले आणि माळ्यावरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून खाली दिलं.

"कुंची उंदरांनी कुरतडलीया," ते म्हणाले. "पोरगं झ्याक हाय."

परतीच्या एसटीत आई त्याला मांडीवर घेऊन बसली. दगडच तो, तिच्या मांड्या अवघडल्या. पण खाली ठेवेना.

"दे इकडं दादाला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं, कुंची सारखी केली आणि त्याला माझ्या मांडीवर दिलं.