बाई नाही म्हणाल्या

समोरचा पेशंट अजून बोलत असायचा, आणि बाई टेबलावरची घंटी दाबायच्या. कुणी शर्टाची बटणं लावतंय, कुणी पदर सावरतंय, तोंडातलं वाक्य अर्धं आहे, तोवर घंटी वाजलेली. मग दाराकडे बघून एकच शब्द, "पुढचा." आधीचा अजून खुर्चीतच असायचा.

मला हे सगळं ठाऊक असायचं कारण माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली होतं. नाशिकच्या इंदिरानगरात तेव्हा अजून बरेच प्लॉट मोकळे होते आणि आमच्या कॉम्प्लेक्समध्ये लोक यायचे ते बाईंकडेच. जिना माझ्या काउंटरला लागून. वरून उतरलेला माणूस पहिलं तोंड माझं बघायचा. हातात चिठ्ठी, चेहरा पडलेला, आणि पहिला प्रश्न, "काय म्हणाल्या हो बाई?" आता घ्या. वर जाऊन बसला हा, आणि बाई काय म्हणाल्या ते मी सांगायचं.

बाई कातडीच्या डॉक्टर. गजकर्ण-नायटे होतेच, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटाला लोकांना चेहऱ्याचं वेड लागलं होतं. मुरुमांचे खड्डे बुजवा, वांग घालवा, ओठावरची लव कायमची काढा, रंग उजळा. बाईंकडे त्यासाठीची मशिनं होती आणि हातही चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणाल हा गडी नुसता जळतो. हात चांगला होता. जिभेला मात्र हाड नव्हतं.

दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार पोरगा आला होता. लग्न ठरत होतं, चेहरा उन्हाने रापलेला. बाईंनी चेहऱ्याला औषध लावून वरची साल काढायचं ठरवलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस उन्हात जायचं नाही." पोरगा म्हणाला, "बाई, छाटणी चालू हाय. मजूर लावलेत. उन्हात नाय गेलो तर कसं व्हईल?" बाई म्हणाल्या, "मग चेहरा इथे ठेवून जा." आणि घंटी.

पोरगा हसत खाली आला. मला म्हणाला, "बाई गमतीशीर हाये." मी म्हटलं, "बाबा, गंमत नाही ती. साल काढलेली कातडी नवी असते, ऊन लागलं तर आहे त्यापेक्षा काळी पडेल. छाटणी होऊ दे, मग ये." तो म्हणाला, "मग असं सांगायचं ना." तेच तर मी म्हणतोय. दोन वाक्यं होती. ती वर मोफत मिळायला हवी होती, ती खाली मिळाली, तीही माझ्याकडून.

रंग उजळायला आलेल्यांना तर त्या उभंच करायच्या नाहीत. "आरशात बघणं कमी करा," म्हणायच्या. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या एका बाईंनी विचारलं, ओठावरची लव किती खेपांत जाईल? "जितक्या लागतील तितक्या." पुन्हा येईल का? "मला शिकवू नका." आता यात कुणी काय शिकवलं? ती बिचारी विचारत होती. पैसे तिचे, ओठ तिचा, विचारायचं नाही तर काय शेजारणीने विचारायचं?

माझ्याही वाट्याला आलं. गोरं करणारं म्हणून एक मलम तेव्हा हातोहात खपायचं. सगळेच विकत होते, मीही ठेवलं होतं. एकदा बाई दुपारी जिना उतरून आल्या, काउंटरवरचा मलमाच्या ट्यूबांचा डबा उचलला आणि गिऱ्हाइकांच्या देखत बाहेरच्या गटारात ओतला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "बाई, हे काय?" तर म्हणाल्या, "ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा." आणि गेल्या वर. त्यात स्टिरॉइड होतं. रोज लावलं की चेहरा आधी उजळतो, मग पातळ पडून लाल होतो, केस उगवतात, आणि सोडावं तर आग आग होते. बरोबर होतं त्यांचं. पण माझ्या कानात सांगितलं असतं तर मीच फेकलं नसतं का? गटारात ओतायला वेळ होता, बोलायला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हुशार डॉक्टर असेच असतात. हे ऐकून माझे कान किटले. हुशार माणसाने तोंड उघडू नये असा काही कायदा आहे का? आणि हेही सांगून टाकतो, बाई लबाड नव्हत्या. नको ते काम करून कुणाचे पैसे काढल्याचं मी कधी पाहिलं नाही. अर्धे लोक त्यांनी आल्या पावली परत पाठवले. फक्त का पाठवलं ते त्या माणसाला कधी कळलं नाही.

आता वैशालीचं सांगतो. त्यासाठीच बसलोय.

वैशालीची आई आमच्या कोपऱ्यावर फुलं विकायची. शहराबाहेर त्यांचा मळा होता, झेंडू, शेवंती, गुलछडी, सगळं घरचं. सकाळी टोपली मांडायच्या आधी माझ्या दुकानातल्या देवांसाठी एक पुडी ठेवून जायची. मावशी तोंडाची फटकळ, पण मनात काही नाही. लेक कॉलेज सांभाळून तिला मदत करायची. फुलवालीची पोर, पण केसांत कधी गजरा नाही. केस सदा उजव्या कानावर ओढलेले. कॉलेजात मैत्रिणींबरोबर कानाला दुसरं भोक पाडलं होतं, आणि ते भरता भरता तिथे गाठ आली होती. हरभऱ्याएवढी, कडक, चकचकीत.

स्थळ आलं नाशिक रोडचं. मुलगा चांगला, सरकारी नोकरी. पोरगी पसंत पडली. पण मुलाच्या आत्याने केस बाजूला करून कान पाहिला आणि म्हणाली, "लग्नाआधी एवढं काढून घ्या."

मीच म्हटलं, "मावशी, वरच्या बाईंना दाखवा. त्यांच्याइतकी कातडी दुसऱ्या कुणाला कळत नाही."

दोघी वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. हातात चिठ्ठीसुद्धा नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"नाय म्हणाल्या," वैशालीची आई म्हणाली. "कापणार नाय म्हणं. का म्हटलं, तर म्हणं, मला शिकवू नका."

मी वर गेलो. बाई चहा पीत होत्या. म्हटलं, "त्या फुलवाल्या मावशींच्या लेकीचं लग्न आहे हो. गाठ का नाही काढायची, तेवढं सांगा, मी समजावतो त्यांना."

बाई म्हणाल्या, "तुम्ही गोळ्या विका."

मी खाली आलो. मला औषधं कळतात, गाठी कळत नाहीत. सांगणार काय, कप्पाळ? वैशालीची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने आपले हात पाहिले. झेंडूने काळे पडलेले, नखांत माती. म्हणाली, "आमच्यासारख्याचं काम त्यांना नको असंल, दादा."

हे बघा, कारण सांगितलं नाही की माणूस स्वतःच कारण शोधतो. आणि गरीब माणसाला सापडून सापडून एकच सापडतं.

मग कुणीतरी दुसरा दवाखाना सांगितला. गुळगुळीत फरशी, भिंतीवर गोऱ्या बायांची चित्रं. तिथल्या डॉक्टरने उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, "ताई, काळजी सोडा, दहा मिनिटांचं काम" म्हणाला. कापली गाठ. वैशालीची आई मला सांगत होती, "माणूस लय गोड, दादा. ताई म्हणला मला." लग्नात मी जेवून आलो. पोरीने केस वर बांधले होते, कान स्वच्छ, अंबाड्यावर मळ्यातल्या शेवंतीची वेणी. सुंदर दिसत होती, मी तिच्या आईला तसं म्हणालोसुद्धा.

लग्नानंतर काही महिन्यांतच गाठ परत आली. आता बोराएवढी, आणि कानाच्या मागेही पसरलेली. खाजायची, ठणकायची. गोड डॉक्टर म्हणाला, पुन्हा कापू. सासरी आत्या म्हणाली, हा कॅन्सर आहे, रोग लपवून पोरगी दिली आमच्या गळ्यात. नवऱ्यानेच वैशालीला माहेरी आणून सोडलं, बरी झाली की या म्हणून.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी वैशालीच्या आईने टोपली मांडलीच नाही. लेकीचा हात धरला आणि जिना चढली. मी दुकान तसंच टाकून मागे गेलो. आत एक पेशंट होता, त्याला तिने बाहेर काढला.

बाईंनी कान पाहिला. म्हणाल्या, "कापलंत ना? मी नाही म्हटलं होतं."

"नाय म्हणालात," वैशालीची आई म्हणाली. "का ते नाय म्हणालात."

मग बाई बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. म्हणाल्या, याला केलॉइड म्हणतात. कॅन्सर नाही, कुणाला लागण होत नाही. काही जणांच्या कातडीला जखम भरताना थांबायचं कुठे ते कळत नाही, ती वाढतच राहते. नुसती गाठ कापली तर ती नवी जखम, आणि नव्या जखमेवर आधीपेक्षा मोठी गाठ. हिला महिन्याच्या महिन्याला गाठीतच इंजेक्शन द्यायचं, म्हणजे ती मऊ पडून बसत जाते. दुखतं. वेळ लागतो. पूर्ण जाईल असं नाही. तिथली कातडी थोडी पांढरी पडेल. आणि कान पुन्हा टोचायचा नाही, कधीच.

वैशालीची आई ऐकत होती. बाईंचं बोलणं संपलं तेव्हा म्हणाली, "एवढंच व्हतं? मग हे त्या दिवशी सांगाया किती येळ लागला असता?"

बाईंचा हात घंटीकडे गेला. पण दाबली नाही. चिठ्ठी लिहिली, माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली. चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

इंजेक्शनं सुरू झाली. गाठ कडक, सुई आत जायची नाही, पोरीचा आवाज खालपर्यंत यायचा. पण त्या दिवसापासून पोरगी बदलली. पहिल्याच खेपेला बाईंना म्हणाली, "माझ्या मिस्टरांना सांगा, हा कॅन्सर नाही म्हणून."

"मी नवऱ्यांशी बोलत नाही."

"मग मला सगळं नीट सांगा. मी त्यांना सांगते."

दर खेपेला विचारायची. औषध कोणतं, किती, आज कमी का दिलं, मध्ये थांबलं तर काय होईल. बाई कावायच्या. पण ही खुर्चीतून उठायचीच नाही, मग सांगावंच लागायचं. बाकीचे लोक खाली येऊन मला विचारायचे, वैशाली खाली येऊन मला सांगायची. नवऱ्यालाही तिनेच समजावलं, आणि एके दिवशी तो स्कूटरवरून तिला न्यायला आला. काउंटरशी उभा राहून मला हळूच विचारलं, "खरंच लागण होत नाही ना?" मी म्हटलं, "बायकोला विचार. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

गाठ बसत आली होती, पुरती गेली नव्हती. आणि एका सोमवारी बाईंच्या दाराला कुलूप. पाटी काढलेली, मशिनं रविवारीच गेलेली. मला एक शब्द नाही. इतकी वर्षं मी त्या बाईच्या जिन्याखाली बसलो, त्यांच्या बोलण्याची भाषांतरं केली, त्यांच्यावर चिडलेल्या लोकांना चहा पाजला, आणि जाताना "येते" एवढंही नाही. लोक येत होते, वर जाऊन खाली येत होते, "बाई कुठे गेल्या हो?" मी काय सांगू? कुणाचा अर्धा चेहरा झाला होता, कुणाच्या खेपा राहिल्या होत्या. मला येतील तेवढ्या शिव्या मी बाईंना मनातल्या मनात दिल्या, काही तोंडानेही दिल्या.

वैशाली तिच्या महिन्याला आली. मी जिन्यापाशीच अडवलं. "वर जाऊ नकोस. बाई पळाल्या."

"पुण्याला गेल्या, काका. लेकीकडे. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून काम बंद केलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मागच्या खेपेला, तुम्ही दुकानात नव्हतात तेव्हा. पुढच्या महिन्यात कधी येऊ विचारलं, तर म्हणाल्या, मी नसेन. मग कुठे, का, आता सुई कुणाकडून घेऊ, सगळं विचारून घेतलं. नाशिक रोडचे एक डॉक्टर सांगितलेत. मी फक्त औषध न्यायला आलेय." तिने औषधाचं नाव आणि ताकद तोंडपाठ सांगितली. मी काढून दिलं.

मग म्हणाली, "आणखी एक विचारलं. म्हटलं, आई मला घेऊन पहिल्यांदा आली होती, तेव्हा हे सगळं का नाही सांगितलंत?"

"काय म्हणाली?" माझ्या तोंडून एकेरीच गेलं.

"म्हणाल्या, त्या दिवशी कंटाळा आला होता."

मला जे सुचलं ते लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, "पोरी, तुझा कान गेला. तुझा संसार मोडत होता. आणि त्या बाईला कंटाळा आला होता?"

"मीही घरी जाऊन रडले, काका. पण दुसरं काहीही सांगता आलं असतं ना त्यांना. गर्दी होती, तुझी आई भांडखोर आहे, काहीही. खरं बोलल्या."

ती बस पकडायला गेली. वर आता कुणाचं तरी क्लासेसचं ऑफिस आहे, कुणी खाली येऊन मला काही विचारत नाही. वैशाली भेटली की अजून बाईंचं चांगलं बोलते. खरं बोलल्या, म्हणते. मी म्हणतो, बोलायचं तर कान शाबूत असताना बोलायचं होतं.