संध्याकाळी एकच ताट

तोरणमाळच्या तलावाचं चित्र कॅलेंडरवर दिसलं तरी आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं आणि डोंगराखालचं ठाणं माझ्याकडे होतं.

फैजपूरकडचं एक जोडपं तलावाकाठच्या लॉजवर उतरलं होतं. दुपारी पाय घसरून बायको बुडाली, असा नवऱ्याचा जबाब. लॉजमालकाला ऐन सीझनमध्ये बोभाटा नको होता. ‘अकस्मात मृत्यूची नोंद करा आणि मोकळे व्हा,’ हे त्यानं मला शिकवावं! मी त्याला ठाण्याबाहेर घालवलं.

मुलीचे वडील आले. केळीवाले शेतकरी. “माही पोरगी पान्याले लय भ्याये, साहेब. पाटातबी पाय टाके नाही,” एवढंच म्हणत राहिले. संशय आला, पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही.

मी डोंगरावर जाऊन लॉजच्या आचाऱ्याजवळ बसलो. वर बाजार नाही. कोंबडी-भाजी खालून आणायची, म्हणून संध्याकाळची ताटं तो सकाळीच विचारून घ्यायचा. या जोडप्याचं विचारलं.

“सकायले त्यानी एकच ताट सांगेल व्हतं, साहेब. दुपारले त्या बाईनी तं आठेच चुलीपाशी बसीसन पिठलं-भाकर खादी.”

नवऱ्याला समोर बसवलं. एकच ताट का?

“तिला उपास होता,” तो चटकन म्हणाला.

“मग दुपारी पिठलं-भाकरी कुणी खाल्ली?”

त्याचा चेहरा उतरला. दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून काठावरून ढकललं, असं त्यानं सांगितलं. रागाच्या भरात हात उचलणारे मी पुष्कळ पाहिले. हा नालायक सकाळचा चहा पीत बायकोचं ताट कमी करून मोकळा झाला होता! पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून आचाऱ्याचा जबाब पक्का केला. जन्मठेप लागली.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “दिवाळीले आली, त सासरी जायाले नाही म्हने. आमीच चार जनांनी समजावलं. डोंगर पाहून या, मन रमीन, म्हटलं.”

समजूत घालणाऱ्या चार शहाण्यांवर कुठलंच कलम लागत नाही, याची चीड मला अजून येते. पुढे कुठल्याही ठाण्यात असे शहाणे सासरी न जाणाऱ्या मुलीला घेऊन आले, की मी मुलीला खुर्ची द्यायचो आणि त्यांना बाहेर काढायचो. ‘घरचा मामला आहे, साहेब,’ असं ते म्हणायचे. मी दार लावून घ्यायचो आणि तिला विचारायचो, “बाई, तू का जात नाहीस?”

बहुतेकींना हे आजवर कुणी विचारलेलंच नसायचं.